बाकीचं घर कुठंय?

मागच्या डिसेंबरात माझी लेक वर्गातल्या एका मैत्रिणीच्या बड्डेला गेली होती. टॉवरचं क्लबहाउस, जादूगार, टॅटूवाला आणि परत येताना हातात भलीमोठी गिफ्ट बॅग. घरी आल्यावर बॅग न उघडताच म्हणाली, "आई, माझा बड्डे घरी नको. आपलं घर छोटं आहे."

सात वर्षांच्या मुलीला हे कुणी सांगितलं?

आम्ही मरोळला, एसआरएच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. 225 चौरस फूट. एका प्ले झोनला फोन केला, एका मुलामागचा रेट ऐकला आणि "कळवते" म्हणून ठेवून दिला. नवरा म्हणाला, "ईएमआयवर करायचा का?" दोघं हसलो. मग गप्प बसलो.

शेवटी घरीच ठरलं. बारा मुलं, 2000 रुपये. हिशोब फ्रिजवर चिकटवला: खालच्या मजल्यावरच्या ताईंकडून केक 450, पावभाजी 700, वेफर्स आणि सरबत 200, फुगे-पताका 150, रिटर्न गिफ्ट म्हणून रंगीत खडू 360. एकूण 1860.

थर्माकोलच्या प्लेट महाराष्ट्रात 2018 पासून बंद आहेत, आणि कागदाच्या हिशोबात बसेनात. म्हणून शेजारच्या काकूंकडून स्टीलच्या ताटल्या आणल्या.

त्या दिवशी फोल्डिंगचा पलंग पॅसेजमध्ये गेला. सासूबाईंनी औक्षण केलं, केक कापला. जादूगार नव्हता, पण पॅसेजच्या खिडकीतून विमानं दिसतात. शेपटीचा रंग बघून कंपनी ओळखायची, चुकला तो आउट. अर्धा तास तेच चाललं. खाऊन झाल्यावर कुणीतरी ताटली उलटी केली. मागे नाव कोरलेलं, लग्नाची तारीख. मग सगळ्यांनीच उलट्या केल्या. "माझी सगळ्यात जुनी!" भाजीचे ओघळ माझ्या चादरीवर.

तेवढ्यात टॉवरवाल्या मैत्रिणीने सहज विचारलं, "बाकीचं घर कुठंय?"

माझा डाव पातेल्यातच थांबला.

"हेच," लेक म्हणाली. "चल, विमान आलं."

रात्री ताटल्या पुसताना लक्षात आलं. या घरात येऊन तीन वर्षं झाली, पण ऑफिसातल्या एकाही मैत्रिणीला मी इथे आणलेलं नाही. मरोळ नाक्याला, मेट्रोच्या जिन्याखाली भेटते. "अगं, घर छोटं आहे, बाहेरच भेटू," असं फोनवर म्हणते. लेक तिथेच बसून अभ्यास करत असते.

सकाळी ताटल्या परत दिल्या. रिकामं भांडं देत नाहीत, म्हणून वरच्या ताटलीत केकचे दोन तुकडे ठेवले.

140 रुपये उरलेत. चहा-बिस्किटांना पुरतील. रविवारी तिघींना घरी बोलावलंय.