बाईंचा अंधार आणि आमचा

ईद होऊन नऊच दिवस झाले होते. लॉकडाऊनमुळे ईदची नमाजही घरातच अदा केली होती. 3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन तालुक्यावर धडकले. काही तासांत कौले उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब रस्त्यात पडले.

वीज गेली म्हणजे दिवे आणि पंखे गेले, एवढेच मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी फजरला कळले की पाणीही गेले. विहीर भरलेली, पण पंप बंद. वुजूसाठी दोरी-बादलीने पाणी शेंदताना तळहात सोलवटले. मोबाईलचे टॉवर बंद, त्यामुळे आम्ही सुखरूप आहोत हे कुवेतला असलेल्या दिरांना चार दिवसांनी कळले. मशिदीचा भोंगा बंद झाला. मुअज्जिन साहेबांचा आवाज वारा आमच्या बाजूला असेल तरच ऐकू येई.

खरी काळजी वेगळीच होती. सासूबाईंचे इन्सुलिन फ्रिजमध्ये. चालू असलेले पेन खोलीच्या तापमानात चार आठवडे चालते, हे डॉक्टरांनी पूर्वी सांगितले होते; पण न उघडलेल्या चार पेनांचे काय? रस्ते बंद, औषधाचे दुकान बंद.

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक विधवा बाई आमची विचारपूस करायला आल्या. त्यांची मुलगी आमच्या उर्दू शाळेत सातवीला, माझ्याच वर्गात. फ्रिजपुढे बसलेली मला पाहून म्हणाल्या, "आपा, मडकं आहे का? मोठ्यात लहान ठेवायचं, मध्ये ओली वाळू, वरून ओलं फडकं. मी दूध असंच ठेवते."

पाणी वाळताना उष्णता ओढून घेते, हे मी वर्गात शिकवते. मडके मात्र त्यांनी मांडून दिले. आमच्या दमट हवेत ते फ्रिजइतके गार होत नाही, पण डबी हाताला थंड लागे. आठव्या दिवशी बर्फ मिळेपर्यंत त्यावरच भागले. अल्हम्दुलिल्लाह, सासूबाईंची साखर फारशी वाढली नाही.

मी सहज विचारले, "तुम्ही हे कुठे शिकलात?"

"शिकायचं काय, आपा? डिसेंबरात मीटर काढून नेला ना आमचा. बिल थकलं होतं."

म्हणजे सहा महिने. आणि जानेवारी-फेब्रुवारीत याच मुलीला गृहपाठ अपुरा म्हणून मी दोनदा वर्गाबाहेर उभे केले होते. तिने एकदाही सांगितले नाही, मीही विचारले नाही. रमजानमध्ये आम्ही जकात काढली, फितरा दिला, त्यांच्या घरी शिरखुर्म्याचे सामानही पाठवले. सामान घेऊन मुलगा अंधार पडल्यावर गेला होता. आल्यावर म्हणाला होता, "त्यांच्याकडे मेणबत्ती होती." मला वाटले, फ्यूज गेला असेल.

आमच्या गल्लीत तेविसाव्या दिवशी मगरिबनंतर वीज आली. पोरे ओरडत बाहेर पळाली. टोकाचे ते एक घर तेवढे काळे राहिले. आता ते सर्वांनाच दिसत होते.

थकबाकी आणि जोडणीचा आकार मिळून तीन हजारांच्या आत रक्कम होती. मी भरते म्हटल्यावर बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "उसने म्हणून द्या." दर महिन्याला दोनशे रुपये मुलीच्या हाती येऊ लागले. पहिल्यांदा मी परत पाठवले, तर बाई स्वतः घेऊन आल्या. त्यानंतर मुकाट्याने घेत गेले. शेवटचे दोनशे पुढच्या वर्षी, ईदच्या आधी आले.