देवळालीत मोटारीला दमा!

देवळाली कॅम्प हे वाट पाहणाऱ्यांचे गाव आहे. १८६० नंतरच्या दशकात इंग्रजांनी येथे लष्करी तळ वसवला. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई येथे आणून ठेवीत आणि मुंबईहून बोट सुटायची झाली की त्यांना आगगाडीत बसवून देत. पण या बोटी सुटत हिवाळ्यात. ज्याची मुदत मार्च उलटल्यावर भरे त्याने सारा उन्हाळा आणि पावसाळा येथल्या बराकीत बसून काढायचा. काम नाही, घर दूर आणि डोक्यावर ऊन! कित्येकांची डोकी फिरली. इंग्रजीत वेडगळ माणसाला ‘डूलाली’ म्हणू लागले ते आपल्या देवळालीवरून. पूर्ण शब्द ‘डूलाली टॅप’. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला साधा ताप.

शिपायांच्या जोडीला रोगी आले. येथली हवा कोरडी, त्यामुळे छातीच्या दुखण्याला मानवणारी. पारशी आणि गुजराती शेठजींनी सॅनेटोरियमे बांधली आणि क्षयाला खात्रीचे औषध नव्हते त्या काळात मुंबईची मंडळी येथल्या व्हरांड्यांत आरामखुर्च्या टाकून फुप्फुसे भरून येण्याची वाट पाहत बसू लागली. त्या रुंद व्हरांड्यांचे जुने बंगले लॅम रोडच्या बाजूला अजून दिसतात. पुढे तोफखान्याची शाळा काकूलहून येथे आली. तेव्हापासून गावाच्या शांततेला अधूनमधून ‘धडाम्’ असा ठेका मिळतो. नवख्या पाहुण्याच्या हातातला चहा हिंदकळतो. गावकरी मानही वर करीत नाही.

अशा या गावी गेल्या जानेवारीत आम्ही नऊ दिवस काढले. ठरवले होते चार! उरलेले पाच आमच्या मोटारीने मागून घेतले.

मोटार आम्ही हाताखालची घेतली होती, डिझेलची. एका व्यापाऱ्याकडून चार लाख पंचाहत्तर हजारांना. माझ्या आईला दमा आहे. मुंबईची हवा तिला सोसत नाही आणि आगगाडीचे जिने चढवत नाहीत, म्हणून ही खरेदी. कंपनीची वाढीव वॉरंटी अजून चार महिने शिल्लक होती. ती आमच्या नावावर करून देण्याचे व्यापाऱ्याने पावतीवर लिहून दिले होते. ही पावती पुढे फार उपयोगी पडली.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा टप्पा खुला झाला, तेव्हापासून घाईची माणसे बोगद्यातून जातात. आईला मात्र जुना कसारा घाट पाहायचा होता. या घाटात १८६५ पासून आगगाडी चढते आहे. सदतीस फुटांत एक फूट असा चढ! एकटे इंजिन पुरत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिने जोडतात आणि ती तिला इगतपुरीपर्यंत ढकलीत नेतात. मुलाला मी मोठ्या ऐटीत सांगत होतो की, आपल्या मोटारीलाही असाच एक ढकल्या आहे, फक्त तो पोटात बसवलेला आहे, त्याला टर्बो म्हणतात. बोलणे पुरे होते न होते तोच पुढून शीळ ऐकू आली, मागे धुराचा लोट उठला आणि समोरच्या तबकडीवर पिवळा दिवा लागला. मोटार थांबली नाही, पण तिचा दम गेला. दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत कुंथत आम्ही घाट चढलो. बाजूने मालट्रक पुढे जात होते आणि त्यांचे क्लीनर आमच्याकडे कनवाळूपणे पाहत होते.

कॅम्पातल्या मिस्त्रींना सकाळी बोलावले. साठीचे गृहस्थ. सातपूरच्या कारखान्यात उमेद घालवून आता स्वतःचे लहानसे गॅरेज चालवतात. त्यांनी पहिले काम केले ते चावी काढून स्वतःच्या खिशात टाकण्याचे.

“साहेब, आता ही सुरू करायची नाही.”

“का हो?”

“टर्बोचे सील गेले असेल तर तेल हवेच्या नळीतून इंजिनात शिरते. डिझेल इंजिन तेच तेल पिऊन धावत सुटते. मग चावी बंद करा, काही करा, थांबत नाही. फुटेपर्यंत पळते.”

आई व्हरांड्यातून ऐकत होती. ती म्हणाली, “म्हणजे हिलाही माझ्यासारखाच दमा की!” मिस्त्री हसले. “आजी, अगदी बरोबर बोललात.”

आणि खरेच, हे यंत्र श्वासाचेच आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी फुकट जातो. त्या धुरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, तर इंधन जास्त जळते आणि जोरही जास्त मिळतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांवरच्या शिखरावर नेऊन त्याला टर्बो जोडला, आणि विरळ हवेतही इंजिन पूर्ण जोराने चालते हे दाखवले.

पेन्सिलीएवढा दांडा, पण मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो! त्याला साध्या बेअरिंगचा आधार पुरत नाही. तो तरंगतो तेलाच्या पातळ थरावर. त्या तेलाची नळी काजळीने चोंदली की दांडा डळमळतो, चक्राची पाती कडेला घासतात आणि शीळ येते. म्हणून तेल वेळच्या वेळी आणि कंपनीने सांगितलेल्याच जातीचे घालायचे. घाट चढून आल्याआल्या इंजिन बंद करायचे नाही. मिनिटभर तसेच चालू ठेवायचे, म्हणजे तापलेल्या दांड्याभोवतीचे तेल जळून चिकटत नाही. मिस्त्रींनी हवेची एक नळी सोडवली. आत तेल साचले होते. बोट घालून त्यांनी दांडा हलवला, तो टकटक वाजला.

“टर्बो गेला. पण मी याला हात लावणार नाही. तुमची वॉरंटी आहे ना? बाहेरच्याने खोलले म्हणून ते लोक हात वर करतील. फोटो काढा, आणि उचलून न्या.”

हातचे काम स्वतःहून सोडणारा मिस्त्री मी पहिल्यांदा पाहिला.

मोटार ट्रकवर चढून नाशिकच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी फोन आला. खर्च बासष्ट हजार! वॉरंटी लागू नाही, कारण ती अजून पहिल्या मालकाच्या नावावर आहे. व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, कागद पाठवले होते, आणि शिवाय आमची स्वतःची हमी आहेच की. ती हमी उघडून पाहिली. तीत ‘इंजिन व गिअरबॉक्स’ असे होते. टर्बो म्हणजे इंजिन की नव्हे, यावर त्याने फोनवर जे निरूपण केले ते ऐकून एखादा शास्त्रीही थक्क झाला असता. इंजिनाला चिकटलेली वस्तू इंजिन नसते, असा त्याचा सिद्धान्त!

मी तापलो. आमची सौ. मात्र शांत होती. ती मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटप-संघात आहे. १९७५ पासून चाललेल्या त्या संस्थेत धान्याबरोबर कागद नीट वाचण्याची सवयही मिळत असावी. ती म्हणाली, “फोन पुरे. आता लिहायचे.”

तिने दोन पत्रे लिहिली. वर्कशॉपला विचारले की, नकार कोणत्या कलमाखाली ते लेखी कळवा आणि चासिस नंबरवरून या मोटारीच्या सगळ्या सर्व्हिसिंगची नोंद काढून द्या. व्यापाऱ्याला त्याच्याच पावतीची प्रत जोडली आणि खाली एवढेच लिहिले की, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी पडत नाही. आमचा व्यवहार त्याच्या आतलाच. सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रारही नोंदवून ठेवली.

मग आम्ही वाट पाहू लागलो. देवळालीत त्याची सोय उत्तम आहे. सकाळी खंडोबाच्या टेकडीवर जावे. वर उघडा वारा, खाली छावणीचे रेषेत आखलेले रस्ते. एक दिवस रिक्षाने भगूरला जाऊन सावरकरांचे जन्मघर पाहिले. मुलगा तोफांचे आवाज मोजून वहीत लिहू लागला. मी मात्र दर तासाला फोन काढून पाही. बासष्ट हजार ही रक्कम आमच्या घरात नुसती ‘रक्कम’ नसते; ती मुलाची वर्षाची फी असते. त्या गोऱ्या शिपायांची डोकी कशी फिरली असतील ते मला चौथ्या दिवशी कळू लागले. आई तेवढी खुशीत होती. एवढ्या दिवसांत तिला रात्री उठून बसावे लागले नव्हते.

सातव्या दिवशी व्यापाऱ्याचे कागद ‘सापडले’. वॉरंटी आमच्या नावावर झाली. सर्व्हिसिंगची नोंदही निघाली; पहिल्या मालकाने, देव त्याचे भले करो, प्रत्येक वेळी तेल वेळेवर बदलून घेतले होते. त्या नोंदीवरच सारे तरले. ती नसती तर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? टर्बो आणि त्याची तेलाची नळी कंपनीने दिली. तेल, फिल्टर आणि किरकोळ वॉशर आमच्याकडे लागले: सहा हजार आठशे.

नवव्या दिवशी मोटार आणायला गेलो. मिस्त्री आपणहून बरोबर आले. बॉनेट उघडून त्यांनी तेलाची नळी नवी आहे ना आणि हवेच्या नळ्यांतले जुने तेल धुऊन काढले आहे ना, हे पाहिले. मगच मान हलवली. पैसे देऊ लागलो तर त्यांनी एक चहा घेतला.

मुलाला तो जुना टर्बो हवा होता. वर्कशॉपमधल्या माणसाने तो दाखवला. चक्राच्या पात्यांची टोके दुमडली होती, उंदराने कुरतडल्यासारखी. पण बदललेला भाग कंपनीला परत धाडावा लागतो, त्याशिवाय दावा मंजूर होत नाही. मुलगा इगतपुरीपर्यंत कोणाशी बोलला नाही.