पंप उचलण्याआधी

प्रिय भाचेबुवा,

अमेरिकेतल्या फोर्ट वेनजवळच्या शेतावर काचेच्या नळकांड्याचा जुना पेट्रोलपंप सापडला आणि तू तो घेतो आहेस, हे वाचून तुझ्या नजरेचे कौतुक वाटले. सिल्व्हॅनस बाउझरने १८८५ मध्ये आपला पहिला पंप विकला तो याच गावात, रॉकेल मोजून देण्यासाठी. पुढे वेन आणि टोकहाइम या पंप बनवणाऱ्या कंपन्याही इथेच नावारूपाला आल्या. तेव्हा वस्तू योग्य ठिकाणी मिळाली, यात शंका नाही. खटकला तो तुझा बेत : दोन मित्र, एक पिकअप, थोडा दोर आणि दुपारपर्यंत काम फत्ते. जुने शिसवी कपाट हलवावे तसा तू हा पंप हलवायला निघाला आहेस. पण कपाट जमिनीवर नुसते उभे असते. पंप हे जमिनीखालच्या टाकीपासून सुरू होणाऱ्या एका व्यवस्थेचे वरचे टोक आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, आधी ती व्यवस्था रीतसर बंद करायची आणि मगच पंपाला हात लावायचा. हा क्रम उलटला तर पुढची सगळी काळजी वाया जाते.

या पंपाची रचनाच बघ. बाजूचा लांब दांडा मागेपुढे करून माणूस पेट्रोल वरच्या नळकांड्यात चढवत असे. काचेवरच्या खुणा पाहून गिऱ्हाईक गॅलन मोजून घेई, आणि नळी सोडली की पेट्रोल आपल्याच वजनाने गाडीत उतरे. म्हणजे पेट्रोलचा मुक्काम पंपात कधी नव्हताच, तो टाकीत होता. त्यामुळे ‘पंप रिकामा आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. टाकी कुठे आहे आणि तिचे काय झाले, हे विचारायला हवे. तू म्हणशील, तशी कुठे नोंद नाही. पण नोंद नसणे म्हणजे टाकी नसणे नव्हे. अमेरिकेत भूमिगत टाक्यांचे केंद्रीय नियम १९८८ मध्ये आले आणि जुन्या टाक्या सुधारायला, बदलायला किंवा बंद करायला डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत मिळाली. मात्र शेतावरची, व्यापारासाठी नसलेली, ११०० गॅलनपर्यंतची टाकी या नियमांतून वगळलेली आहे. नेमक्या अशाच जागी कागदपत्रे नसतात. म्हणून शेतमालकाला लेखी विचार, राज्याच्या अग्निसुरक्षा खात्याकडे चौकशी कर, आणि पंपाच्या चौथऱ्याभोवती फावडे लावण्यापूर्वी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घे. शेतमालकाने स्वतः टाकलेल्या खासगी वायरी आणि नळ मात्र त्या खुणांत बहुधा नसतील, हे लक्षात ठेव.

यावर तुझा पहिला आक्षेप मला दिसतो : पन्नास वर्षांत पेट्रोल कधीच उडून गेले असेल. उघड्या बशीतले उडाले असते. पण बंद नळात, वाकणात, झडपेमागे आणि टाकीच्या तळाशी ते राहू शकते. उणे ४० अंश सेल्सियसलाही पेट घेईल इतकी वाफ पेट्रोल देते. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, म्हणून ती वर न जाता खड्ड्यात आणि पंपाच्या पोकळ बुडाशी साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीतली वाफ बहुधा या मर्यादेपेक्षा दाट असते. टाकी रिकामी होऊन हवा आत शिरू लागली की तेच मिश्रण पेट घेण्याजोगे होते. म्हणून रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातकी ठरू शकते. आपल्याकडे भारतात नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही सरकारी संस्था ज्या पेट्रोलियम नियमांचा अंमल पाहते, त्यांतही रिकामी टाकी साफ करून वाफमुक्त केलेली नसेल तर घट्ट बंद ठेवायला सांगितले आहे.

दुसरा आक्षेप असा की, कितीतरी हौशी लोक ग्राइंडरने बोल्ट कापून पंप नेतात आणि त्यांना काही होत नाही. ज्यांचे निभावले त्यांच्याच गोष्टी आपल्या कानावर येतात, म्हणून हा पुरावा लंगडा आहे. वायुमापक यंत्राने वाफ तपासल्याशिवाय तिथे ग्राइंडर, गॅस-कटर किंवा ड्रिल चालता कामा नये. पंपाला पुढे कधी विजेची मोटर जोडली असेल, तर वायर मुळाशी तोडलेली आहे याची खात्री इलेक्ट्रिशियनकडूनच करून घे. गंजलेले बोल्ट तेल घालून, थांबून, हाताच्या पान्याने सोडव. नळ सुटला की तोंडाला चिंधी न कोंबता आट्यांचे झाकण घट्ट बसव. हातमोजे हवेतच, कारण १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जाऊ लागले आणि जुन्या गाळात ते असू शकते. जुन्या रंगातही शिसे असण्याचा संभव असल्याने तो तिथेच खरवडू नकोस.

तिसरा आक्षेप रसिकाचा आहे : सुटे केल्याने पंपाचे अस्सलपण जाते. मला उलटे वाटते. अस्सलपण मूळ काचेत, मूळ रंगात आणि मूळ भागांत असते, आणि अखंड नेताना पहिली फुटते ती काचच. हा पंप नळकांड्यासह सुमारे दहा फूट उंच आणि वरून जड. पिकअपवर उभा केला तर जमिनीपासून तेरा फुटांच्या घरात जातो. पहिल्याच वळणावर तो कलू लागेल. म्हणून प्रत्येक भागाचे फोटो काढ, खुणेच्या चिठ्ठ्या बांध, आधी माथ्यावरचा काचेचा गोळा आणि मग नळकांडे उतरव. सांगाडा वरून चेनब्लॉकने धरल्याशिवाय शेवटचा नट काढू नकोस. मग तो पाठीवर, लाकडी ठोकळ्यांवर आडवा घे. उरलेले इंधन त्याआधीच निचरलेले हवे. अमेरिकेतल्या व्यावसायिक मालवाहू गाड्यांचा नियम सांगतो की बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि मागे व बाजूंना ५० टक्के जोर पेलला पाहिजे. तुझी गाडी खासगी असेल, पण ब्रेक दाबल्यावर १५० किलोचा पंप खासगी आणि व्यावसायिक असा भेद करत नाही. त्यामुळे दोर नको, कारण तो ताणला जाऊन सैल पडतो. रॅचेटचे पट्टे घे, आणि ते बिडाच्या बुडावर व सांगाड्यावर आवळ, पत्र्यावर किंवा दांड्यावर नव्हे.

राहिला खर्च. तपासणी आणि टाकी-नळ रीतसर बंद करणारा ठेकेदार मिळून पंपाच्या किमतीएवढा खर्च येईल, ही तक्रार रास्त आहे. पण टाकी निघाली तर ती बंद करण्याचा आणि खालच्या मातीचा प्रश्न कुणाच्या गळ्यात पडणार, हे आज ठरवले नाही तर तो खर्च उद्या वादासह येईल. तेव्हा विसार देण्याआधी करारात दोन वाक्ये घालून घे : टाकी कुणाची जबाबदारी, आणि नळ बंद करणारा परवानाधारक ठेकेदार कोण. शेतमालक यावर सही करायला तयार नसेल, तर पंप कितीही देखणा असला तरी सौदा सोड; असे पंप अजून बाजारात येतात. तयार असेल, तर पिकअपची तारीख ठरव आणि सुट्या भागांची यादी मला पाठव.

तुझा,
मामा