पाचशे मिलिमीटर

निकॉनची २००-५०० मिलिमीटरची लेन्स घ्यावी की नाही, यावर आमच्या घरात सहा महिने खल झाला. मास्टर्सच्या दिवसांत डॉलरचे रुपये करून बघायची लागलेली सवय अजून सुटत नाही, काय करणार! शेवटी घेतलीच. सव्वादोन किलोहून जड असं ते धूड घेऊन नोव्हेंबरात आम्ही दोघं आणि पुण्याहून आलेले आप्पा मेरीलँडमधल्या कोनोविंगो धरणावर गेलो. तिथे टर्बाइनं सुरू झाली की पाण्याबरोबर येणारे मासे टिपायला पांढऱ्या डोक्याचे अमेरिकन गरुड जमतात. १९७२ साली डीडीटीवर बंदी आली म्हणून हे सावरले, हेही आप्पांना ऐकवून झालं.

आणि फोटो? एकात नुसती शेपटी, दुसऱ्यात कोरं आकाश. मग लेन्समधली थरथर घालवणारी यंत्रणा तरी तपासू म्हणून १/३० सेकंदावर ती आप्पांवरच रोखली. ते चहा पीत मजेत गरुड बघत होते.

रात्री कॉम्प्युटरवर बघितलं. भुवईचा केस न् केस स्वच्छ, मफलरची वीण स्वच्छ. पेला धरलेला उजवा हात तेवढा पुसट. पुढच्या फोटोतही. त्याच्या पुढच्यातही. ती यंत्रणा घालवते आमच्या हाताची थरथर, समोरच्याची नाही.

"अरे, थंडी केवढी होती!" आप्पा म्हणाले, आणि हात शालीखाली घेतला.

आम्ही दादाला पुण्याला फोन लावला.

"गणपतीत आरतीचं तबक धरताना दिसलं होतं मला," तो म्हणाला. "पण म्हटलं, तुमच्याकडे यायची त्यांना एवढी हौस..."