शक आणि शके

ज्या लोकांनीं स्वतःच्या इतिहासाचा एकहि ग्रंथ मागें ठेविला नाहीं, त्यांचें नांव आम्ही महाराष्ट्रीय पंचांगांत, लग्नपत्रिकेंत आणि संकल्पांत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारीत आलों आहों, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. ‘शालिवाहन शके’ या दोन शब्दांत जेता आणि जित एकाच दाव्याला बांधलेले आहेत. आणि त्यांतील दुसरा शब्द कोठून आला, हें विचारण्याची आम्हांस सहसा गरज वाटत नाहीं.

तो आला मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून. ग्रीक ज्यांस सिथियन म्हणत, त्या सर्वांस इराणी लोक शक म्हणतात, असें हिरोडोटसानें लिहून ठेविलें आहे. तुवा प्रांतांतील अर्झान येथील राजसमाधि इ. स. पूर्वीं नवव्या-आठव्या शतकांतील आहे. तेथपासून काळ्या समुद्रापर्यंत या लोकांच्या टोळ्या पसरल्या होत्या. गाडी हें घर, घोडा हें धन आणि घोडीचें दूध हें अन्न. रिकीब अजून निघाली नव्हती. तरीहि भरधांव घोड्यावरून आंखूड धनुष्यानें नेमका बाण मारण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

इराणचा सम्राट दारयवहु, म्हणजेच दरायस, इ. स. पूर्वीं सुमारें 513 मध्यें डॅन्यूब ओलांडून त्यांच्यावर चालून गेला. शक लढलेच नाहींत. विहिरी बुजवीत, गवत जाळीत ते मागें मागें सरत राहिले. “पळतां कां?” असें दरायसानें विचारलें, तेव्हां त्यांचा राजा इदांथिर्सस यानें कळविलें कीं, आम्हांस राखावयास नगरें नाहींत, पेरलेलीं शेतें नाहींत; आमच्या पूर्वजांच्या समाधि मात्र आहेत, त्या शोधून त्यांस हात लावून पाहा, म्हणजे आम्ही लढतों कीं नाहीं तें कळेल. सम्राटास अखेर रिकाम्या हातांनीं परतावें लागलें. मराठी वाचकास येथें गनिमी काव्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. परंतु आमच्या लोकांपाशीं राखावयास किल्ले होते. शकांपाशीं हरण्यासारखें कांहीं नव्हतें, हेंच त्यांचें बळ होतें.

हें बळ सर्वकाळ टिकलें नाहीं. इ. स. पूर्वीं 339 मध्यें मॅसिडोनच्या फिलिपानें त्यांच्या अतेअस नांवाच्या वृद्ध राजाचा पराभव केला. तो रणांत पडला, तेव्हां नव्वदीचा होता असें सांगतात. पुढें सार्मेशियन लोकांनीं त्यांचीं कुरणें घेतलीं. पूर्वेकडे हूणांनीं—चिनी ज्यांस श्युंग्नू म्हणत त्यांनीं—युएची लोकांस हांकललें आणि युएचींनीं शकांस. एका टोळीचा धक्का दुसरीस, असें होत होत ते सीस्तान, सिंध आणि सौराष्ट्र या मार्गानें थेट आमच्या दारांत येऊन उभे राहिले.

नाशिकच्या पांडवलेण्यांत हिंडतांना आम्हांस या कथेचा शेवट एकाच डोंगरावर कोरलेला दिसला. एका लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात आपलीं दानें सांगतो: ब्राह्मणांस गाई, भिक्षूंस विहार. जवळच दुसऱ्या लेण्यांत राजमाता बलश्री, आपल्या पुत्रानें, गौतमीपुत्र सातकर्णीनें, शकांचा नाश केला व चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, म्हणून अभिमान बाळगते. तो विजय खरा होता. 1906 मध्यें जोगळटेंभीस सांपडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप पुन्हां मारलेला आहे. पण संकर थांबला काय? कान्हेरीच्या शिलालेखांत एका सातवाहन राजाची राणी कार्दमक क्षत्रपांच्या कुळांतील, म्हणजे महाक्षत्रपाची कन्या, असल्याचें नमूद आहे. त्याच कुळांतील रुद्रदाम्यानें इ. स. 150 च्या सुमारास जुनागडास असा संस्कृत लेख कोरविला कीं, तशा तोडीचें संस्कृत गद्य त्यापूर्वींच्या शिलालेखांत सांपडत नाहीं.

पुढें दुसऱ्या चंद्रगुप्तानें क्षत्रपांचें राज्य बुडविलें, तरी त्यांनीं चालविलेली इ. स. 78 ची कालगणना बुडाली नाहीं. 1957 मध्यें तीच भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचा आधार झाली. इतकेंच नव्हे, तर ‘शक’ म्हणजेच संवत्सरगणना, असा अर्थ मराठींत रूढ झाला. आणि 1674 मध्यें राज्याभिषेक शक सुरू करणाऱ्या शिवाजी महाराजांस आम्ही मोठ्या आदरानें ‘शककर्ते’ म्हणतों. परक्याचें नांव आमच्या भाषेंतील सर्वांत थोर पदवी होऊन बसलें!

शकांचें काय झालें, असें विचारणाऱ्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, त्यांचा निःपात झाल्याचा लेख आहे, पण निःपात झालेला नाहीं. ते आमच्यांत मिसळले. आपल्या रक्ताच्या निर्भेळपणाविषयीं ज्यांस फार खात्री वाटते, त्यांनीं आजची तिथि लिहितांना ‘शके’ या अक्षरांपाशीं क्षणभर थांबावें.