सोंगटी आणि शब्द

प्रत्यक्ष लढाई पाहण्याची इच्छा कोणाही शहाण्या माणसाला होऊं नये. परंतु लढाईची गोष्ट ऐकण्याची हौस आबालवृद्धांना सारखीच असते. कीर्तनकार उत्तररंगांत युद्धप्रसंग रंगवूं लागतो, तेव्हां त्याच्यापाशीं एक उपरणें आणि चिपळ्या यांपलीकडे कांहीं नसतें. तरी श्रोत्यांना रथांच्या चाकांखालची धूळ दिसते. उलट, दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलांचें नुसत्या वर्णनानें समाधान होत नाहीं. बुरुजाबुरुजावर मावळा उभा केल्याखेरीज त्यांचा गड जागा होत नाहीं. ऐकून पाहावें कीं मांडून पाहावें, हा वाद अलीकडे एका खेळाच्या निमित्तानें आमच्या घरांत शिरला आहे.

हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. ज्यांच्या घरीं कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत त्यांना त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. इतरांसाठीं दोन शब्द सांगतों. चारसहा जण बैठक मारून बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राचें सोंग घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रें आपण काय करणार तें सांगतात, आणि घाव बसला कीं हुकला याचा निकाल वीस बाजूंचा फांसा देतो. प्रवास, गप्पा, कारस्थानें यांना तोंड पुरतें. तलवारी उपसल्या म्हणजे मात्र प्रश्न येतो: कोण कोठें उभा आहे हें पटावर चिमुकल्या मूर्ती मांडून ठरवावयाचें, कीं सूत्रधाराच्या शब्दावर सोपवावयाचें?

या प्रश्नाची वंशावळ लांबलचक आहे. १८२४ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्यानें नकाशा, ठोकळे व फांसे घेऊन युद्धाचा खेळ सिद्ध केला आणि दोन्ही पक्षांवर एक पंच बसविला. पुढें नियमांचें जंजाळ इतकें वाढलें कीं, फांसे व कोष्टकें दूर सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवावा, असें व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्यानें १८७६ सालीं प्रतिपादिलें. एच. जी. वेल्स यानें १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्यें तिसरीच वाट काढली. खेळण्यांतल्या तोफेनें शिशाच्या शिपायांवर लांकडाचे तुकडे खरोखरच झाडावयाचे. पडला तो मेला. वादच नको!

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेला आमचा हा खेळ त्याच कुळांतला. त्याच्या मुखपृष्ठावर मूर्तींचा उल्लेख होता. आंत मात्र त्या आवश्यक नाहींत, केवळ शोभेच्या आहेत, असें सांगितलें होतें. गंमत अशी कीं, अंतरें इंचांतच दिलेलीं होतीं; भुयारांतला इंच दहा फुटांचा आणि मोकळ्या रानांतला दहा यार्डांचा! मूर्ती गेल्या तरी त्यांची मोजपट्टी मागें राहिली. २००८ च्या चौथ्या आवृत्तींत सारी हालचाल चौकटींतच मोजली जाई; २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत अंतरें फुटांत आलीं व पट ऐच्छिक ठरला. दोनशें वर्षें हा झोका असा हलतो आहे.

आमच्या घरीं थोरला पुतण्या सूत्रधार आहे. त्याची वाणी चांगली. अर्थात् तो मूर्तींच्या विरुद्ध. त्याच्या पक्षाला माझे चुलते, आप्पाकाका. काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली त्याला सहा वर्षें झालीं. पत्ते सुटले, बुद्धिबळें सुटलीं, वर्तमानपत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागूं लागलें. या शब्दांच्या खेळांत मात्र ते डोळसांपेक्षां वरचढ ठरले. पूल किती रुंद, मशाल कोणाच्या हातीं, सारें त्यांच्या ध्यानांत राहतें. रविवारचे ते दोन तास त्यांना कोणाचा हात धरावा लागत नाहीं.

दुसऱ्या पक्षाला अकरा वर्षांची धाकटी पुतणी. ती बोलते थोडें आणि हळू. एका रविवारीं, आप्पाकाका परगांवीं असतांना, पुलावर चकमक जुंपली होती. पुलापासून चांगलें पन्नास फूट मागें एका झाडाआड आपली धनुर्धारिणी उभी असल्याचें तिनें आरंभींच सांगितलें होतें. पुढें मोठ्या भावंडांचा गलका झाला आणि शत्रूच्या मांत्रिकानें पुलावर अग्निगोल टाकला. त्याची झळ मध्यापासून वीस फुटांपर्यंत पोहोंचते. होरपळलेल्यांत सूत्रधारानें तिचेंही नांव घेतलें. “दादा, मी झाडामागें होतें,” असें ती दोनदां म्हणाली. कोणाला ऐकूं गेलें नाहीं. पात्र मेलें. पुढच्या रविवारीं तिनें दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मावळा आणून फरशीवर ठेवला. “ही मी. आतां कोणीं विसरायचें नाहीं.”

तेव्हांपासून लढाया फरशीवर होऊं लागल्या. एक फरशी पांच फुटांची. शत्रु म्हणून मूठभर चिंचोके. झळ चार फरश्यांपर्यंत, पांचवीवरचा सुरक्षित, तंटे मिटले. मितभाषी माणसाची बाजू मातीचा मावळा न बोलतां मांडतो, हें मला तेव्हां पटलें. परंतु खेळांतली भाषा पाहतां पाहतां बदलली. “हा इथें येतो,” “तो तिथून मारतो,” असें बोटांनीं बोलणें सुरू झालें. “इथें म्हणजे कुठें रे?” असें आप्पाकाका पहिल्या दिवशीं विचारीत. तिसऱ्या रविवारीं ते झोपाळ्यावर जाऊन बसले. “तुमचें चालूं द्या, मी ऐकतों.”

त्यांच्या पायांशीं जाऊन बसली ती ही पुतणीच. “आप्पाआजोबा, तुमचा शिपाई कुठें ठेवूं?” आप्पाकाका क्षणभर थांबले. मग म्हणाले, “बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक घराला नांव असतें. तुमच्या फरश्यांना आहे काय?” त्या सायंकाळीं ओळींना अक्षरें व रांगांना आंकडे मिळाले, आणि सोंगटी हलवील त्यानें घराचें नांव मोठ्यानें सांगावें असा दंडक पडला. आतां सारा पट आप्पाकाकांच्या डोक्यांत असतो. आणि त्यांची सोंगटी हलविणारी मुलगी दर फेरीला अंधाऱ्या माणसाला रणांगण वाचून दाखविते. तिला मोठ्यानें बोलावेंच लागतें.

माझा पुतण्या अजूनहि म्हणतो कीं मूर्तींनीं कल्पना लुळी पडते. दोनचार जणांच्या चकमकींत त्याचें म्हणणें खरें आहे, आणि त्या आम्ही शब्दांवरच लढतों. शत्रु पुष्कळ झाले म्हणजे चिंचोक्यांचा डबा निघतो. कोणती रीत अधिक रम्य, यावर पुष्कळ बोलतां येईल. पण अमुक रीत धरली असतां बैठकींतला कोण बाहेर पडतो, एवढें आधीं पाहिलें तर निवड करणें फारसें कठीण जात नाहीं.