काळे तेल

गाडीचे ऑइल मी स्वतः बदलतो हे कळले की माझे पक्षकार थोडे ओशाळतात. वकिलाच्या अंगावर काळा कोट असावा, काळे तेल असू नये, अशी त्यांची समजूत असावी. परंतु गणेशगुडीत राहणाऱ्या माणसाला ही हौस निम्मी गरजेतून लागते. बरे गॅरेज गाठायचे म्हणजे पंचवीसेक किलोमीटरवरची दांडेली गाठायची आणि तेथे अर्धा दिवस बाकावर बसून काढायचा. त्यापेक्षा रविवारी सकाळी आपल्याच अंगणात गाडीच्या पोटाखाली शिरावे; तेथे जे समाधान लाभते ते पुष्कळदा दावा जिंकूनही लाभत नाही.

काम अवघड नाही, शिस्तीचे आहे. इंजिन पाचसात मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे तेल कोमट व पातळ होऊन गाळासकट उतरते. जागा सपाट असावी, हातब्रेक ओढलेला असावा, चाकांना दगड लावलेले असावेत. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शहाण्याने शिरू नये, भक्कम स्टँड द्यावेत. खाली रुंद तोंडाचे घमेले ठेवावे. नटाचे शेवटचे दोनतीन आटे हाताने सोडवताना तो आत दाबून धरावा व मग झटकन बाजूला घ्यावा. नाहीतर पहिली धार कोपरापर्यंत येते. जुना फिल्टर काढल्यावर तो रात्रभर पालथा निथळत ठेवावा, कारण त्याच्या पोटात बरेच तेल दडून राहते. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटभर नवे तेल लावून तो हातानेच आवळावा. नटाचा वॉशर नवा घालावा. तेल भरून इंजिन मिनिटभर चालवावे, थोडे थांबावे आणि मग डिपस्टिक पाहावी. जमिनीवर सांडलेच तर पाणी ओतू नये, लाकडाचा भुसा टाकावा. हे सारे मी वर्षानुवर्षे बिनचूक करीत आलो आहे. माझ्या अंगणात तेलाचा डाग दाखवा, असे मी पाहुण्यांना आव्हान देत असे.

असे असूनही दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात माझ्या हातून जे घडले ते सांगायला हवे.

त्या रविवारी काम आटोपते न आटोपते तोच एक पक्षकार आला. साडेतीन लिटर तेलाने भरत आलेले घमेले मी तसेच पागोळीखाली सरकवले. म्हटले, संध्याकाळी कॅनमध्ये भरू. संध्याकाळी विसरलो. रात्री पाऊस लागला, आणि आमच्याकडचा जुलैचा पाऊस कसा असतो हे येथल्या वाचकांना सांगायला नको. तेल पाण्याहून हलके. घमेल्यात पडलेले पाणी तळाशी जाते आणि वरचे तेल उचलून काठाबाहेर लोटते. पाणी सांडण्याआधी तेल सांडते! सकाळी पाहतो तो घमेले पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेले, आणि तेलाचा नुसता पापुद्रा.

घराच्या उतारावरून एक वहाळ जातो. त्याच वहाळाचे पाणी थोडे खाली पाटाने देवळाकडे वळवले आहे, आणि उरलेले काळीला मिळते. मी पायऱ्या उतरत होतो तोच भटमाम समोरून आले. हातात अभिषेकाची कळशी. तिच्यात इंद्रधनुष्याचे रंग फिरत होते. ते रागावले नाहीत. कळशी माझ्यापुढे धरून त्यांनी एवढेच विचारले, "वकीलमाम, हें उदक देवाक चलता?"

त्या दिवशी आम्ही दोघांनी वहाळात आडवी पोती टाकली, त्यांत भाताचे तूस आणि देवळातल्या नारळांची सोडणे भरली. तरंगते तेल त्यांनी बरेच शोषले. बरेच म्हणजे सगळे नव्हे. चार दिवस भटमामांनी वरच्या विहिरीचे पाणी भर पावसात वाहून आणले. मी एक कळशी उचलायला गेलो, तर त्यांनी ती दिली नाही.

रात्री झोप येईना तेव्हा मनातल्या मनात मी माझाच वकील झालो. पाण्याच्या प्रदूषणाविषयीचा 1974 चा कायदा आहे. त्याच्या चोविसाव्या कलमाप्रमाणे कोणीही विषारी वा दूषित पदार्थ ओढ्यात, विहिरीत किंवा जमिनीवर जाणूनबुजून जाऊ देता कामा नये. 'जाणूनबुजून' हा शब्द बचावपक्षाला फार प्रिय. माझे कृत्य जाणूनबुजून नव्हते. मी सुटलो असतो. पण भटमामांच्या प्रश्नात तो शब्दच नव्हता. आणि ज्या काळीत ते तेल गेले ती कोणती? सुपा धरण 1987 मध्ये पुरे झाले. 101 मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे सुपा गाव पाण्याखाली गेले, आणि तेथली कुटुंबे रामनगरकडे उठून गेली. या पाण्यासाठी ज्यांनी घरे सोडली त्यांच्यापैकी काहीजण माझे पक्षकार आहेत. एका गाडीतून निघालेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर, गोडे पाणी नासवू शकते असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. खाली दांडेली आहे, मग बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा, आणि शेवटी कारवारचा समुद्र.

त्यानंतर मी हा विषय एखाद्या खटल्यासारखा अभ्यासला. तेल झिजत नाही, ते मळते, ही पहिली गोष्ट मला नवी होती. पाणी काढून, निर्वातात ऊर्ध्वपातन करून आणि हायड्रोजनची प्रक्रिया देऊन त्याचे पुन्हा उत्तम वंगण होते. अडीच लिटरांच्या आसपास वंगण मिळवायला कच्चे खनिज तेल 42 गॅलन लागते. तेवढेच वंगण वापरलेल्या तेलाच्या एका गॅलनातून निघते. घातक कचऱ्याच्या 2016 च्या केंद्रीय नियमांत 'वापरलेले तेल' आणि 'टाकाऊ तेल' अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. पहिले शुद्ध होण्याजोगे, दुसरे गळतीचा आणि टाक्यांच्या तळचा गाळ. आपल्या कॅनमध्ये कोणी रॉकेल, ब्रेक ऑइल किंवा रंगाचे थिनर ओतले की चांगल्या मालाची ही जात बिघडते. म्हणून एक कॅन, त्यात एकच तेल, झाकण घट्ट. 2023 च्या दुरुस्तीने वंगण विकणाऱ्या उत्पादकांवरच वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली, आणि 1 एप्रिल 2024 पासून ती लागू झाली. दुरुस्ती चांगली आहे. पण अंगणातले घमेले पावसाआधी उचलायला उत्पादक येणार नाही.

दांडेलीतल्या पहिल्या गॅरेजात मी विचारले, हे पिंप पुढे कोठे जाते? "कोणीतरी येतो, नेतो," असे उत्तर मिळाले. असा 'कोणीतरी' ते भट्टीत जाळायलाही नेऊ शकतो. दुसऱ्या गॅरेजवाल्याने नेणाऱ्या संस्थेचे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र दाखवले. मी ते वकिली नजरेने तारखेसकट वाचले. तो हसला, पण त्याने वाचू दिले. तेव्हापासून तेथेच देतो. निथळलेला फिल्टर आणि तेलकट तूसही तोच घेतो.

एक अडचण अजून सुटलेली नाही. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून जळके तेल फासण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे, आणि रथाच्या मांडवासाठी देवस्थान समिती दरवर्षी माझ्याकडे तेच मागत असे. ते पावसाने धुऊन पुन्हा वहाळातच येते, असे मी सभेत सांगितले आणि काजूच्या टरफलांचे तेल सुचवले; लाकडाला तेही आपल्या मुलखात पूर्वापार लावतात. ते विकत आणावे लागते, माझे फुकट होते. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे.

गेल्या महिन्यात तेल द्यायला निघालो तर भटमाम वाटेत उभे. त्यांना दांडेलीच्या बाजारात जायचे होते. कॅन मागे डिकीत होता. पहिल्याच वळणावर त्यांनी मान वळवून विचारले, "बूच घट्ट आसा?"

"आसा, भटमाम."

पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा विचारले.